इंजिन मोटारीचं, पातं कुणाचं?

तुम्ही कुणाला सांगणार नसाल तरच सांगते. सांगितलंत तरी हरकत नाही म्हणा, फक्त माझं नाव घेऊ नका. भाचीच्या संसाराचा प्रश्न आहे.

फेब्रुवारीत तिच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले होते, विस्कॉन्सिनला. गुडघाभर बर्फ, आणि त्या बर्फात यांच्या दोन्ही मोटारी उघड्यावर. पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "अगं, एवढं दोन मोटारींचं गॅरेज आहे, मग या बिचाऱ्या बाहेर का?" भाचीनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, आत विमान आहे."

मला वाटलं, बाळासाठी खेळणं आणलं असेल. दार उघडलं तर खरंच विमान! एक पंख भिंतीला टेकवलेला, दुसरा अजून व्हायचा, आणि फळीवर भाचीची महिनाभर हरवलेली इस्त्री. पंखावर पॉलिस्टरचं कापड चढवतात ना, ते म्हणे इस्त्री फिरवून ताणून बसवतात. मी दोन्ही हात कानांवर ठेवले. पण इस्त्री परवडली, असं वाटायला लावणारी गोष्ट मधोमध लोखंडी घोडीवर बसली होती. इंजिन. तेही विमानाचं नव्हे. ठोकलेल्या एका जपानी मोटारीतून काढलेलं, भंगारवाल्याकडून आणलेलं!

"जावईबापू, हे मोटारीचं ना?"

"हो मावशी."

"आणि हे विमान ना?"

"हो मावशी."

"मग हे इथं काय करतंय?"

जावईबापू असे लाजले, की त्यांच्या लग्नातसुद्धा एवढे लाजले नव्हते. लग्न मीच जमवलं होतं, म्हणून सांगते.

आता तुम्ही म्हणाल, सरकार काय झोपलंय? अहो, सरकारच फितूर आहे! तिकडचा कायदा म्हणतो, विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौसेनं किंवा शिकण्यासाठी स्वतः केलंत, की ते 'होमबिल्ट'. मग त्याला प्रायोगिक म्हणून परवाना मिळतो. अट एवढीच, की आत शिरताना दिसेल असा 'एक्स्पेरिमेंटल' हा शब्द ठसठशीत अक्षरांत रंगवायचा, आणि शेजारी बसणाऱ्याला कळेल अशी पाटी लावायची की हे विमान हौशी माणसानं बांधलंय, नेहमीच्या विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही. इतकं स्पष्ट तर मुलाकडचे लोकसुद्धा सांगत नाहीत.

आणि हा एकट्यादुकट्याचा चाळा नाही. १९५३ साली मिलवॉकीत पॉल पोबेरेझ्नी नावाच्या गृहस्थांनी अशा लोकांची संघटना काढली, एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. १९७० पासून तिचा मेळा जुलैच्या अखेरीस ओशकोश गावी भरतो. आपल्याकडे आषाढीची वारी ज्या दिवसांत, साधारण त्याच दिवसांत तिकडं ही. दहा हजारांच्या घरात विमानं उतरतात आणि माणसं पंखाखाली तंबू ठोकून झोपतात. मला नेलं होतं. बाळ चार-पाच महिन्यांचं, ऊन मी म्हणत होतं, आणि जावईबापू एका अनोळखी माणसाच्या विमानाच्या नाकासमोर उकिडवे बसून, अर्धा तास, त्याचा पंखा न्याहाळत होते. "प्रोपेलर म्हणा मावशी," असं मला दोनदा बजावलं. म्हणते बाई, प्रोपेलर.

बरं, आपणही फार नाकं मुरडायला नकोत. कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी विमान बांधलंच ना? २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात ते सगळ्या मुंबईनं पाहिलं. गच्चीवरून ते खाली कसं उतरवलं, या एका प्रश्नावर आमच्या सोसायटीत आठवडाभर चहा आटला होता. नोंदणी मिळायला मात्र २०१७ उजाडलं. तेव्हा खूळ सगळीकडे आहे, गॅरेजं तेवढी तिकडं मोठी.

मोटारीचं इंजिन विमानात घालण्याची भानगड तर आजीच्या वेळची निघाली! मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल नावाचा खटपट्या होता. एका मासिकाच्या संपादकानं ठणकावून लिहिलं, की मोटारीच्या इंजिनावर विमान चालणं व्यवहार्य नाही. पीटनपोलनं काय करावं? वाचकांच्या पत्रव्यवहारात चार ओळी लिहाव्यात की नाही? १९३० साली हा बाबा फोर्डच्या मॉडेल 'ए' मोटारीचं इंजिन बसवलेलं आपलं विमान उडवत थेट मिनिआपोलिसला जाऊन उतरला. संपादकानं शब्द गिळले आणि पुढे त्याचे नकाशेच छापले. ते 'एअर कॅम्पर' आजही लोक बांधताहेत, नव्वद-पंचाण्णव वर्षांनी! शेवरोलेची कॉर्व्हेअर मोटार आली तेव्हा त्याच पीटनपोलनं तिच्याही इंजिनावर हात मारला. १९३७ मध्ये वॉल्डो वॉटरमननं उडत्या मोटारीत स्टुडबेकरचं इंजिन घातलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये तर फोक्सवॅगनच्या बीटलची इंजिनं अशी पळवली गेली, की जर्मनांनी युद्ध हरल्याचं दुःख पुन्हा करावं. मग सुबारू, माझ्दा, होंडा. एकाही घराण्याची अब्रू राहिली नाही.

हे सगळं मी चवीनं ऐकलं. पण खरी मेख मला मार्चमध्ये एका शनिवारी कळली. शनिवारी त्या गॅरेजात मंडळी जमत. एक निवृत्त दंतवैद्य, एक शाळामास्तर, एक दूधडेअरीवाला आणि आमचे जावईबापू. मी पोहे नेऊन द्यायची आणि घोटाळत उभी राहायची. दोन तास नुसतं इंजिन! याची हॉर्सपॉवर, त्याचा टर्बो, याचं इंजेक्शन. मी सहज म्हणून विचारलं, "अहो, पण याला पंखा कुठला लावणार?"

शांतता. पोहे चावल्याचा आवाज येत होता तेवढाच.

मग दंतवैद्य म्हणाले, "तो काय, शेवटी बघायचा." ऐकलंत? चार वर्षं नवरदेवाच्या सुटाचं माप चाललंय, आणि नवरी कोण ते शेवटी बघायचं! मी आजवर अकरा लग्नं जमवलीत, माझा जीव कासावीस झाला. त्या दिवसापासून बाळाला पायांवर निजवून मी या विषयाचा पाठपुरावा केला. जावईबापूंना बोलतं केलं, त्यांच्या कपाटातली पुस्तकं चाळली. जे कळलं ते ऐका.

मोटारीचं इंजिन पळापळीचं. शंभर हॉर्सपॉवर म्हणून मिरवतं, पण ती केव्हा? मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेरे घेईल तेव्हा. ताकद म्हणजे पीळ गुणिले फेरे. फेरे कमी, तर ताकद कमी. इकडे प्रोपेलरला घाई मानवत नाही. सहा फुटी पंखा घ्या. विमानाच्या नेहमीच्या इंजिनासारखा मिनिटाला २,७०० फेऱ्यांनी फिरला, तर पात्याचं टोक सेकंदाला जवळजवळ २६० मीटर धावतं. आवाजाचा वेग ३४० च्या आसपास. म्हणजे पाऊण पल्ला झाला, ठीक आहे. आता तोच पंखा ५,००० फेऱ्यांनी फिरवा: टोक जातं ४८० मीटरवर. आवाजाच्या पुढे! मग पातं हवा मागे लोटत नाही, नुसतं किंचाळतं. हॉर्सपॉवर सगळी आरडाओरड्यात जाते. घरोघरी असे लोक असतात, नावं घेत नाही.

बरं, मोटारीत ही अडचण का येत नाही? तिथं गिअर असतात, आणि मुख्य म्हणजे तिथं इंजिन जन्मभर आराम करतं. हमरस्त्यावर शंभरच्या वेगानं जाताना साध्या मोटारीला वीस-पंचवीस हॉर्सपॉवर पुरते. बाकीची पाऊणशे मेव्हण्याला दाखवायला. विमानात मात्र उड्डाणाला पूर्ण ताकद, आणि मग तासन् तास पाऊण ताकद. सासर म्हणतात ते हे.

मग लोक दोन वाटा धरतात. एक, बीटलवाल्यांची. पंखा सरळ क्रँकशाफ्टला जोडायचा, मध्ये कुणी नको, पण पंखाच आखूड घ्यायचा. ५४ इंचांचा पंखा ३,३०० फेऱ्यांवर फिरला तर टोकाचा वेग सेकंदाला २४० मीटरच्या आत राहतो. घराणं शाबूत. खोट एकच: आखूड पंखा थोडी हवा जोरात फेकतो, आणि लांब पंखा पुष्कळ हवा सावकाश ढकलतो. सडपातळ, वेगवान विमानाला आखूड चालतो. पण भल्या थोरल्या पोटाच्या, तारा-खांबांच्या संथ विमानाला तो लावलात, तर अर्धा पंखा विमानाच्या नाकाआडच लपतो आणि उरलेला अर्धा बिचारा एकट्यानं राबतो. पीटनपोलचं कसं जमलं, असं मी विचारलं. तर मॉडेल 'ए'चं इंजिन सव्वातीन लिटरांचं, पण ४० हॉर्सपॉवर द्यायचं २,२०० फेऱ्यांवरच. बैलाच्या चालीचं. त्याला सहा फुटांहून लांब लाकडी पंखा सरळ जोडता आला. म्हणजे त्या माणसाचं खरं शहाणपण कशात? मोटारीचं इंजिन घेतलं यात नव्हे, पंख्याच्या चालीनं चालणारं इंजिन घेतलं यात! हे मी शनिवारी गॅरेजात बोलून दाखवलं. मास्तर तेवढे हसले.

दुसरी वाट मध्यस्थाची. इंजिन पाच हजारांनी फिरू दे, पंखा सव्वादोन हजारांनी, मध्ये दात्यांचा किंवा पट्ट्याचा रिडक्शन ड्राइव्ह. राइट बंधूंनी हेच केलं होतं. त्यांचं इंजिन मिनिटाला हजारभर फेऱ्यांचं, पंखे साडेआठ फुटी आणि फेरे साडेतीनशे, मध्ये साखळ्या. इंजिन किती ताकदीचं होतं सांगू? बारा हॉर्सपॉवर! आज आमच्या पुण्यात भाजी आणायला निघालेली एखादी मोटरसायकलही याहून जोरकस असते. तरी १९०३ मध्ये ते उडालं, कारण त्या दोघा भावांनी आधी पंख्याचं गणित मांडलं. पंखा म्हणजे फिरणारा विमानाचा पंख, हे त्यांनी ओळखलं आणि मिळालेल्या ताकदीतला तीन-चतुर्थांश भाग पुढे ओढायला लावला. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आमची शनिवारची मंडळी म्हणतात, शेवटी बघू.

पण मध्यस्थ म्हटला की त्याच्या भानगडी आल्याच. चार सिलिंडरांचं इंजिन गुळगुळीत फिरत नाही, एका फेऱ्यात दोन दणके देतं. मोटारीत हे दणके जड फ्लायव्हील, क्लच, लांबलचक शाफ्ट आणि रबरी टायर असे वाटून घेतात. विमानात एका टोकाला दणके देणारं इंजिन, दुसऱ्या टोकाला हलायला नाखूश असलेला जड पंखा, आणि पिळवटतो मधला गिअरबॉक्स. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिलं की तो आढ्याला लागतो ना, तसं फेऱ्यांच्या एका ठरावीक आकड्यावर दणके आणि पीळ यांची लय जुळते. मग गिअरचे दाते एकमेकांवर घणासारखे आपटतात. शाफ्ट तुटतात, मग रबरी जोड बसवतात, लय खाली सरकवतात, आणि तो आकडा टाळून चालवतात. आणि यात पातं कुठं आलं म्हणाल, तर सगळं तिथंच आलं. हलक्या पात्यांवर छान चाललेला गिअरबॉक्स, जड पाती लावली की दुसऱ्याच आकड्यावर थरथरू लागतो. म्हणून गिअरसह इंजिन विकणारी रोटॅक्ससारखी कंपनी पंखा किती जड चालेल त्याची मर्यादा लिहून देते. हे लोक काय करतात? मित्राकडं पडून असलेला पंखा स्वस्तात मिळाला म्हणून आणतात!

गॅरेजवाल्यांनाच नावं ठेवू नका. मोठमोठ्या घरच्यांची फजिती ऐका. पोर्शनं १९८०च्या दशकात आपल्या ९११ मोटारीच्या इंजिनाचं रीतसर विमान-इंजिन केलं. नाव पीएफएम ३२००, फेरे ५,३००, मध्ये गिअर, सगळे कागद सरकारमान्य. मूनी कंपनीनं ते घालून विमानं काढली. किती खपली? चाळीसच्या आसपास. १९९१ ला गाशा गुंडाळला. पुढे जर्मनीतल्याच थिएलर्ट कंपनीनं मर्सिडीजच्या ए-क्लास मोटारीचं १.७ लिटरचं डिझेल इंजिन घेतलं. १३५ हॉर्सपॉवर, इंजिन ३,९०० फेऱ्यांवर, पंखा २,३०० वर. डिझेल पितं थोडं, वैमानिक खूश. पण अट काय, तर दर ३०० तासांनी गिअरबॉक्स उतरवून तपासणीला पाठवायचा. डिझेलचे दणके पेट्रोलहून कडक, त्यांचा भार कुणीतरी सोसायचा ना! २००८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि गिऱ्हाइकांच्या वॉरंटीचे कागद बाळाच्या दुपट्यापेक्षाही कुचकामी झाले. इंजिन टिकलं, दुसऱ्या मालकांच्या हाताखाली सुधारलं, ते वेगळं. पण कारखाना, कर्मचारी आणि प्रयोगशाळा असलेल्यांना ज्या मध्यस्थानं रडवलं, त्याला जावईबापू यूट्यूब बघून आवळत होते.

आता प्रत्यक्ष पात्याकडे येते. पंख्यावर दोन आकडे असतात, समजा ५४ आणि ४४. पहिला लांबी इंचांत. दुसरा पिच. पंखा म्हणजे हवेत घुसणारं मळसूत्र. एका फेऱ्यात ते किती इंच पुढं सरकेल, तो हा दुसरा आकडा. ४४ इंची पिच, ३,३०० फेरे: कागदावर ताशी २२० किलोमीटर होतात. प्रत्यक्षात हवा म्हणजे सागवान नव्हे, मळसूत्र थोडं घसरतं. पिच फार घेतलं तर इंजिनाला ओझं होतं, फेरे चढतच नाहीत. कमी घेतलं तर इंजिन मोकाट सुटतं आणि वेग यायच्या आत फेऱ्यांची लाल रेघ गाठतं. चढायला लवकर हवं की पल्ला मारायला? दोन्ही एका ठरीव पंख्यात मिळत नाही. आमच्याकडे मुलाला सुगरणही हवी असते आणि घरात न थांबणारीही, त्यातलाच प्रकार.

आणि हा हिशेब इंचाइंचाचा आहे हो. पंखा किती ताकद खातो, ते फेऱ्यांच्या तिसऱ्या घातानं आणि लांबीच्या पाचव्या घातानं बदलतं. फेरे वीस टक्के उतरले, की खाणं निम्म्यावर. साठ इंचांचा पंखा बासष्ट केला, की त्याच फेऱ्यांवर अठरा टक्के जास्त ताकद हवी. दोन इंचांत अठरा टक्के! कुठल्याही लग्नात एवढ्या लहान चुकीला एवढा मोठा दंड पाहिला नाही मी.

तर जावईबापूंनी मे महिन्यात पाती आणली. तीन! कार्बनची, काळीभोर, जमिनीवर बसून बोल्ट ढिले करून कोन बदलता येणारी. "तीन कशाला?" मी विचारलं. तीन पाती असली की लांबी कमी ठेवून तेवढीच ताकद खाता येते, जमिनीपासून अंतर राहतं, चालणं मऊ होतं, वगैरे त्यांनी सांगितलं. खरंच आहे ते. दोन पाती किंचित जास्त कार्यक्षम आणि हलकी, हेही तितकंच खरं आहे. ते सांगितलं नाही. दंतवैद्यांनी मला बाजूला घेऊन खरं कारण सांगितलं: तीन पाती फोटोत बरी दिसतात.

लाकडाचं पातं का नको, यावर तर त्या गॅरेजात पक्ष पडले. डेअरीवाले लाकडाच्या बाजूचे. लाकूड थरथर पोटात घालतं. धातूचं पातं थरथर लक्षात ठेवतं आणि एक दिवस न सांगता टोक सोडून देतं. पात्याचा एक तुकडा गेला, की तोल जाऊन इंजिनच बुडख्यातून उपटू शकतं, म्हणून मोटारीच्या इंजिनाला कुणाच्याही अंगावरून उतरवलेलं धातूचं पातं लावणं म्हणजे आगीशी खेळ. लाकडाची एकच कटकट, ते ऋतूप्रमाणं फुगतं-आटतं आणि मधले बोल्ट पुन्हा पुन्हा तपासून आवळावे लागतात. मी म्हटलं, कोकणातला माणूस याला कटकट म्हणत नाही, पावसाळा म्हणतो. तिथं दर जूनमध्ये दारं रंधतात. डेअरीवाल्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

मास्तरांचा किस्सा मात्र खाजगीत ठेवा. त्यांनी पट्ट्याचा ड्राइव्ह बदलून दात्यांचा घेतला. एका दाते-जोडीनं फिरण्याची दिशा उलटते, पट्ट्यानं उलटत नाही. हे लक्षात कधी आलं? नवा कोरा पंखा बसवून इंजिन सुरू केल्यावर. विमान पुढं ओढलं जाण्याऐवजी मास्तरांचीच टोपी पुढं उडाली. "मग पंखा उलटा करून लावा की," असं मी पटकन म्हणाले, आणि तेवढ्यात माझं मलाच हसू आलं. मळसूत्र उलटं धरलं तरी आटे तेच राहतात. मास्तरांनीही तो उलटा लावून पाहिला होताच, पण ते त्यांनी मला दोन आठवड्यांनी सांगितलं.

जूनमध्ये चाचणी. विमानाचं शेपूट दोरानं झाडाला बांधायचं, पूर्ण थ्रॉटल द्यायचा, फेरे बघायचे आणि ओढ मोजायची. ओढ मोजायला काटा नव्हता. कुणाचा लक्षात आला? माझा! बॅगा तेवीस किलोंच्या आत राहाव्यात म्हणून मी पुण्याहून आणलेला हातकाटा, पन्नास किलोंचा. मी नको नको म्हणत असताना दोरात अडकवला. गवत झोपलं, शेजारणीचे कपडे दोरीवरून गेले, आणि काटा तुटून कुंपणापलीकडं पडला. ओढ पन्नास किलोंहून जास्त आहे एवढं शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं. मी परतताना जादा वजनाचे पैसे भरले, ते याच कारणानं.

फेरे मात्र मोजले गेले होते. ४,१०० च्या वर इंजिन चढेना. म्हणजे शंभर घोड्यांची पागा, आणि दार अर्धंच उघडं. पात्यांचा कोन जास्त होता. ढिले करा, कोनमापकानं कोन कमी करा, तिन्ही पात्यांचा सारखाच, अर्ध्या अंशाचाही फरक नको. आवळा, पुन्हा झाडाला बांधा. सहा शनिवार हेच. जागच्या जागी फेरे लाल रेघेच्या थोडे खालीच ठेवायचे असतात, कारण विमान पुढं धावू लागलं की पात्यांवरचं ओझं हलकं होतं आणि फेरे आपोआप चढतात. हे सगळं जुळलं त्या दिवशी इंजिनाचा आवाजच बदलला. आधी कुरकुर होती, आता घोगरा पण भरलेला सूर. बाळ झोपेत हसलं. मी कबूल करते, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धुरानं असेल.

आता शेवटची, आणि सगळ्यात खमंग गोष्ट. अमेरिकन सरकारला नवरदेवाच्या हॉर्सपॉवरीत काडीचा रस नाही, जोडीत आहे! इंजिन आणि प्रोपेलर यांची जोडी आधीच तपासून प्रमाणित झालेली असेल, तर नव्या होमबिल्टच्या चाचणी-उड्डाणांसाठी साधारण २५ तास ठरवून देतात. जोडी आपल्या मनानं जमवलेली असेल, तर ४०. तोवर ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही आणि हौशीनं शेजारी कुणाला बसवायचं नाही. पंधरा तासांची ही जादा मंगळ-शांती कुणी सुचवली असेल, त्या अधिकाऱ्याच्या घरी नक्की कुणीतरी माझ्यासारखी असणार.

तेव्हा तुमचा कुणी जावई, भाचा, मित्र "मावशी, गॅरेजमध्ये काहीतरी दाखवायचंय" म्हणाला, तर जरूर जा. इंजिनाचं कौतुक करा, ते त्यांना लागतं. मग पंखा किती इंची, पिच किती आणि झाडाला बांधून फेरे किती आले, एवढे तीन आकडे विचारा. न अडखळता सांगितले तर चहा घ्या आणि चाळीस तास पूर्ण झाले का ते विचारा. "तो काय, शेवटी बघायचा" असं उत्तर आलं, तर चहासुद्धा घेऊ नका. आणि हातकाटा काही झालं तरी देऊ नका.